पात्यावरच्या नावाचा भरवसा किती?

जुन्या तलवारीच्या पात्यावर कारागिराचे नाव सापडले की वाटते, ती कुणी, कुठे, केव्हा घडवली ते कळले, काम झाले. खरा घोळ तिथूनच सुरू होतो आणि तो हजार वर्षांचा आहे. युरोपात ९व्या ते ११व्या शतकांतल्या दीडशेहून अधिक तलवारींवर ‘उल्फबेर्ट’ हे नाव आहे. एकच लोहार दोनशे वर्षे घण मारत बसला नसणार. शिवाय काही पाती अस्सल पोलादाची, काही अगदी सुमार, आणि काहींवर तर नावाची अक्षरेही चुकलेली!

जर्मनीतल्या पासाऊ गावच्या कारागिरांचा पात्यावरचा छाप म्हणजे धावता लांडगा; तो तिथल्याच झोलिंगेन गावच्या कारागिरांनी उचलला. १६व्या शतकात आंद्रेआ फेरारा हा तलवारी घडवणारा कारागीर इटलीतल्या बेलुनोत काम करत होता. पण त्याच्या नावाची जी पाती स्कॉटलंडमध्ये मिळतात, त्यांतली बरीचशी जर्मनीत घडलेली. इराणात शाह अब्बासच्या काळातल्या असदुल्ला इस्फहानीचे नाव तर पुढच्या कैक पिढ्या कोरत राहिल्या.

दख्खनेतली फिरंग हे त्यातले सर्वांत गुंतागुंतीचे प्रकरण. पाते युरोपातून आलेले, मूठ इथे चढवलेली. म्हणजे एकाच तलवारीला दोन जन्मगावे आणि बहुधा दोन वये. बरे, परदेशी छाप दिसला म्हणून पाते परदेशीच असेल असेही नाही, कारण इथल्या लोहारांनी ते छापही उठवले. मूठ लाखेने पक्की बसवलेली असल्याने पात्याचे आतले टोक सहसा दिसतच नाही. जपानमध्ये पारखी नेमके तेच टोक आधी पाहतात: मूठ काढून, त्यावरच्या गंजाचा रंग आणि कानशीच्या खुणा. हौसेने तो गंज घासून काढणाऱ्याने वयाचा मोठा पुरावाच पुसलेला असतो.

नावाने दगा दिल्यावर अभ्यासक घडणीकडे वळले. नॉर्वेच्या यान पेटर्सनने १९१९मध्ये व्हायकिंग तलवारींची वर्गवारी मुठींवरून लावली. १९६०च्या दशकात एवर्ट ओकशॉटने मध्ययुगीन तलवारींसाठी पात्याचा आकार, पन्हळ (पात्यावरची लांब खाच) आणि अग्र यांवर भर दिला. नकलाकाराला नाव चोरता येते. पण अमुक काळातल्या चिलखताला भेदण्यासाठी पाते किती निमुळते हवे, हे त्या काळाची गरज ठरवते.

अलीकडच्या तलवारींबाबत कधी कधी जकातीचा कायदाच मदतीला येतो. अमेरिकेत १८९१पासून आयात मालावर मूळ देशाचे नाव इंग्रजीत लिहिणे सक्तीचे झाले. त्यामुळे मुठीजवळ इंग्रजीत ‘इंडिया’ असा शिक्का असेल, तर ती तलवार बहुधा रणांगणासाठी नव्हे, दिवाणखान्याच्या भिंतीसाठी बनलेली.