आंबा फळांना पिशव्या घालणे

झाडावर वाढणाऱ्या आंब्याला कागदी पिशवी घालून किडी, डाग आणि उन्हापासून जपण्याची पद्धत. पेरू, डाळिंबाच्या बागांतही ती आढळते. कोकणात हापूससाठी दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने तिची शिफारस केली आहे.

फळ अंड्याएवढे झाले की साधारण २५ × २० सेंमी आकाराची वर्तमानपत्राची किंवा खाकी कागदाची पिशवी चढवून देठावर बांधतात. वेळ इथे महत्त्वाची. फार लवकर घातली तर गळणाऱ्या फळांवर पिशव्या आणि मजुरी वाया जाते. उशीर झाला तर फुलकिडीने साल आधीच खरवडलेली असते. रोगट फळ झाकून काही साधत नाही, म्हणून शिफारशीत असलेली फवारणी आधी उरकून घेतात.

फळमाशी पिकू लागलेल्या फळाच्या सालीखाली अंडी घालते आणि अळ्या गर पोखरतात. पिशवीमुळे माशीला सालीपर्यंत पोहोचताच येत नाही. २०१४ मध्ये युरोपीय संघाने भारतीय आंब्याची आयात थांबवली, ती याच माशीमुळे. बंदी २०१५ च्या सुरुवातीला उठली. फळमाशीसाठी बागेत टांगायचा ‘रक्षक’ सापळा नर माश्या पकडतो, पण शेजारच्या बागेतून येणाऱ्या माद्यांचे काय, हा प्रश्न उरतोच.

साका हे हापूसचे जुने दुखणे. बाहेरून आंबा निर्दोष, पिवळाधमक. कापला की कोयीभोवतीचा गर पांढरट, स्पंजासारखा आणि आंबट. तापलेल्या जमिनीची धग हे त्याचे एक कारण मानतात. पिशवीतल्या फळांत साक्याचे प्रमाण कमी आढळले आहे. मुंबई-पुण्यात थेट घरपोच पेटी विकणाऱ्या बागायतदाराला हा फायदा सर्वांत मोलाचा, कारण साका निघालेल्या पेटीचे गिऱ्हाईक पुढच्या वर्षी फोन करत नाही.

अडचण मजुरीची आहे. जुन्या उंच कलमांच्या शेंड्यापर्यंत पिशवी घेऊन जाणे जिकिरीचे आणि धोक्याचेही. छाटणी करून बुटकी राखलेली झाडे असतील तर घरच्या माणसांनीच काम आटोपते. त्यामुळे छोट्या बागायतदाराने हाताला येणाऱ्या फांद्यांवरची, मोठी होतील अशी फळे निवडावीत, हेच व्यवहार्य. वानरांपुढे मात्र कागदाचा इलाज नाही, राखण करावीच लागते.

बाग खंडाने दिली असेल तर चांगल्या प्रतीचा वाढीव दर खंडकऱ्याच्या पदरात पडतो. मालकाच्या हाती ठरलेली रक्कमच येते.