सोडा-व्हिनेगरच्या फेसाने सिंक मोकळं होतं का?

तुंबलेल्या सिंकमध्ये खायचा सोडा आणि व्हिनेगर ओता, फेस सगळी घाण ढकलून देईल, हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतो आहे. तो चुकीचा आहे.

सोडा अल्क, व्हिनेगर आम्ल. दोन्ही एकमेकांना मारतात. उरतं ते सोडियम ॲसिटेटचं फिकं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड. ५ टक्के आम्लाचं १०० मिली व्हिनेगर जेमतेम ७ ग्रॅम सोड्याशी संपतं. वायू वरच्या मोकळ्या तोंडातून निघून जातो, बोळ्यावर दाब येतच नाही. आणि आपल्याकडे बोळा असतो तो थिजलेल्या तुपातेलाचा, त्यात भाताची शितं आणि चहाचा चोथा. त्यातलं काहीच या फेसात विरघळत नाही.

आधी बघा, तुंबलंय कुठे. फक्त सिंकचं पाणी हळू जात असेल तर बहुतेक वेळा सिंकखालचा बॉटल ट्रॅप, म्हणजे पाइपावरचा बाटलीसारखा भाग, तुंबलेला असतो. खाली बादली ठेवा, ट्रॅपची खालची वाटी हाताने फिरवून काढा, धुऊन परत बसवा. रबरी वायसर जागेवर बसला की नाही ते मात्र नक्की पाहा, गळती तिथूनच सुरू होते. ट्रॅप स्वच्छ निघाला तर पुढच्या पाइपात स्प्रिंग (तुंबलेलं मोकळं करायची लांब लवचिक तार) घाला. बाथरूमच्या जाळीतूनही पाणी वर येत असेल तर दोष बहुधा बाहेरच्या चेंबरकडे आहे.

पाइप मोकळा करायची कॉस्टिक सोड्याची पावडर आधीच टाकली असेल तर ट्रॅप उघडू नका, कातडी भाजते. त्यावर ॲसिड तर कधीच ओतू नका. पाणी उसळून डोळ्यांत जातं.