रविवारचा रोस्ट आणि पाण्याचा हिशेब

इंग्लंडमधल्या लीड्समध्ये आम्ही राहायचो तेव्हा शेजारच्या आजीबाई दर रविवारी रोस्ट करायच्या, आणि तो कितपत झालाय हे आधी कानाने ओळखायच्या. कोकराची दोन किलोची तंगडी ओव्हनमध्ये गेली की थोड्या वेळाने आतून चरचर सुरू व्हायची. आजीबाई बटाटे सोलता सोलता थांबायच्या, ओव्हनच्या दाराकडे कान द्यायच्या आणि पुन्हा कामाला लागायच्या. मांसातून झिरपलेलं पाणी तापलेल्या चरबीत पडतं आणि त्याची क्षणात वाफ होते, त्याचा तो आवाज. रविवारच्या या जेवणातलं जवळजवळ सगळं शास्त्र त्या चरचरीत आहे. पाणी कुठून घालवायचं आणि कुठे धरून ठेवायचं, एवढाच तर प्रश्न असतो.

युस्टुस फॉन लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी 1847 साली असं मांडलं, की मोठ्या आचेवर मांसाचा पृष्ठभाग घट्ट होतो आणि आतला रस आतच कोंडला जातो. नाव मोठं असल्यामुळे स्वयंपाकाच्या पुस्तकांनी ते उचलून धरलं, आणि आजही अनेक घरांत ते सांगितलं जातं. पण ते खरं नाही. वरचा थर चांगला तांबूस झाल्यावरही चरचर चालूच असते, म्हणजे पाणी बाहेर येतच असतं.

मग वरून भाजायचं कशाला? चवीसाठी. लुई-कामीय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1912 साली अमिनो आम्लं आणि शर्करा यांच्यातली जी अभिक्रिया वर्णन केली, तिच्यातून शेकडो सुगंधी रेणू तयार होतात. भाकरीवरचा खरपूस डाग, लाडवासाठी भाजलेल्या बेसनाचा खमंग वास, भाजलेले शेंगदाणे हे सगळं तिचंच देणं. ही अभिक्रिया जोर धरते साधारण 140 अंश सेल्सिअसच्या पुढे. पृष्ठभाग ओला असेल तर तो 100 अंशांच्या आसपासच अडकून राहतो, कारण मिळणारी सगळी उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. म्हणून आजीबाई शनिवारी रात्रीच तंगडी कोरडी पुसून, मीठ चोळून, न झाकता फ्रिजमध्ये ठेवायच्या. सकाळी तिची वरची बाजू हाताला कागदासारखी लागायची.

आतली गोष्ट मात्र नेमकी उलटी. कच्च्या मांसात सुमारे 75 टक्के पाणी असतं, आणि ते स्नायूंच्या तंतूंमध्ये धरलेलं असतं. 50 अंशांच्या आसपास मायोसिन हे प्रथिन आपला आकार सोडू लागतं, 65 च्या पुढे दुसऱ्या प्रथिनाची, म्हणजे अ‍ॅक्टिनची पाळी येते. तंतू आक्रसतात आणि ओला कपडा पिळावा तसं पाणी बाहेर पडतं. दुसरीकडे, मांस चिवट करणारं कोलॅजन हे प्रथिन विरघळून मऊ जिलेटिन व्हायला उष्णतेइतकाच वेळही लागतो. शिवाय उष्णता आत पोचते ती फार सावकाश: तुकड्याची जाडी दुप्पट झाली, तर वेळ जवळपास चौपट लागतो. ‘दर पौंडाला 20 मिनिटं आणि वर 20’ हा तिथल्या घराघरातला ठोकताळा वजन मोजतो, पण खरी महत्त्वाची असते ती जाडी.

या सावकाशपणाची एक गोष्ट मला फार आवडते. उष्णतेवर मूलभूत काम करणारे काउंट रमफर्ड अठराव्या शतकाच्या अखेरीस म्युनिकमध्ये होते. बटाटे वाळवण्यासाठी त्यांनी एक यंत्र केलं होतं, त्यात मांस भाजता येईल का हे पाहायला त्यांनी मेंढीच्या खांद्याचा तुकडा ठेवला. तीन तास वाट पाहिली, काही होईना. वैतागून घरी निघून गेले. स्वयंपाकघरातल्या बायकांनी तुकडा रात्रभर तिथेच राहू दिला, आणि सकाळी बघतात तर तो उत्तम शिजलेला, चवीला अप्रतिम! याच रमफर्डनी पुढे 1799 साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशन या विज्ञानसंस्थेच्या स्थापनेत पुढाकार घेतला. त्याच संस्थेत 1969 साली ऑक्सफर्डचे निकोलस कुर्टी यांनी स्वयंपाकघरातल्या भौतिकशास्त्रावर व्याख्यान दिलं. प्रयोगात तापमान निरपेक्ष शून्याच्या, म्हणजे थंडीच्या शेवटच्या टोकाच्या, अगदी जवळ नेणारे हे शास्त्रज्ञ. त्यांनी रमफर्डचा प्रयोग पुन्हा करून पाहिला: दोन किलोचं कोकराचं मांस, 80 अंशांचा ओव्हन, साडेआठ तास. मांस आतून-बाहेरून सुमारे 75 अंशांवर आलं, आणि मऊ, रसदार निघालं.

ओव्हनमधून काढल्यावर आजीबाई तंगडी अर्धा तास नुसती ठेवून द्यायच्या. पहिल्यांदा मला वाटलं, निवून जाईल! पण बाहेरच्या थरातली उष्णता आत सरकत राहते, त्यामुळे मधलं तापमान उलट थोडं चढतं. आणि जरा निवताना जिलेटिन मिसळलेला रस दाट होतो, सुरी लावली की वाहून जात नाही.

त्या अर्ध्या तासात खरी धावपळ. बटाटे आधी उकडून, चाळणीत ओतून खडखडून हलवायचे, म्हणजे कडा भुरभुरीत होतात. मग वाफ जाऊ द्यायची. हे काम घाईचं नाही. कडांवरचा फुगलेला स्टार्च तापलेल्या चरबीत वाळून काचेसारखा कुरकुरीत होतो, पण ओलावा राहिला तर बटाटा नुसता तेलकट होतो.

आणि यॉर्कशर पुडिंग. अंडी, दूध आणि मैदा यांचं पातळ पीठ धूर येईपर्यंत तापलेल्या चरबीत ओतायचं. पाण्याची वाफ झाली की ती सुमारे 1,600 पट जागा मागते. आपली भाकरी दोन पापुद्र्यांत टम्म फुगते ती याच जोरावर. इथे मैद्यातलं चिवट ग्लूटेन ताणलं जातं आणि अंड्यातली प्रथिनं ते फुगलेलं रूप घट्ट करतात. मध्येच दार उघडलं, तर भिंती घट्ट व्हायच्या आत वाफ निवते आणि पुडिंग बसतं. रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीने 2008 साली जाहीरच केलं, की चार इंचांहून कमी उंचीचं ते यॉर्कशर पुडिंग नव्हे.

बीफ असेल तर सोबत हॉर्सरॅडिश हे झणझणीत मूळ लागतंच. त्याचा झणका आपल्याला अनोळखी नाही. मोहरी फेसताना नाकात जातो तो हाच रेणू, अ‍ॅलिल आयसोथायोसायनेट. तो हॉर्सरॅडिशच्या मुळीत किंवा मोहरीच्या दाण्यात आधीपासून तयार नसतो. पेशी चिरडल्या, पाणी मिळालं, की एक विकर (एन्झाइम) तो घडवतं. कोरडी मोहरी पूड म्हणूनच मुकी असते.

शेवटी ग्रेव्ही. ट्रेच्या तळाशी चिकटलेला तपकिरी थर खरवडायचा, त्यावर मैदा परतायचा आणि बटाट्यांचं पाणी ओतायचं. स्टार्चचे कण फुगून पाणी धरतात आणि रस दाटतो. आजीबाई ती पुडिंगच्या खोलगट वाटीत काठोकाठ भरायच्या आणि खुणेनेच म्हणायच्या, ‘आधी खा, मग बोल.’ कारण इतका वेळ बाहेर घालवलेलं पाणी ग्रेव्हीतून परत आत शिरू लागलेलं असायचं, आणि पहिला घास मोडताना ती कड अजून कुरकुरत असायची.