पवनचक्की बनवणारी कंपनी कशी वाढते, आणि ते तुम्ही का पाहायचं
आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

देखभालीच्या कामाला आम्ही कुठेही गेलो तरी एक प्रश्न हमखास निघतो: "नवीन पवनचक्की घ्यायची आहे, कोणत्या कंपनीची घेऊ?" आम्ही कुणाचंही यंत्र विकत नाही, फक्त उभी असलेली यंत्रं चालती ठेवतो. त्यामुळे नाव सुचवत नाही. पण कंपनी आजवर कशी वाढली हे नीट पाहा, असं मात्र आवर्जून सांगतो. पवनचक्कीचं आयुष्य साधारण 20 वर्षं धरलेलं असतं. एवढ्या काळात ती बनवणारी कंपनी कितीतरी मोठी होऊ शकते, दुसऱ्या कंपनीत विलीन होऊ शकते, बंदही पडू शकते. तुमचं यंत्र मात्र तिथंच उभं राहणार आणि त्याला सुटे भाग लागणारच.

उदाहरण म्हणून डेन्मार्कच्या व्हेस्टासची गोष्ट घेऊ. तिच्यात चढही आहेत आणि उतारही, म्हणून ती शिकण्यासारखी आहे.

लोहाराच्या भट्टीपासून

डेन्मार्कच्या पश्चिम भागातल्या लेम या छोट्या गावात 1898 मध्ये एच. एस. हॅन्सन नावाच्या तरुण लोहारानं एक भट्टी विकत घेतली. पुढे 1945 मध्ये त्याच्या मुलानं, पेडर हॅन्सननं, काही सहकाऱ्यांना बरोबर घेऊन व्हेस्टास सुरू केली. तेव्हा पवनचक्कीचा विचारही नव्हता. आधी स्वयंपाकघरातले मिक्सर बनवले, मग दुधाचे कॅन थंड करणारी यंत्रं, आणि 1968 पासून ट्रकवर बसणाऱ्या हायड्रॉलिक क्रेन. 1973 च्या तेलसंकटानं सगळ्यांचेच हिशेब बदलले आणि कंपनी वाऱ्याकडे वळली. कार्ल एरिक यॉर्गनसेन हा लोहार आणि हेन्रिक स्टिस्डाल हा तरुण, या दोघांनी तयार केलेला तीन पात्यांचा आराखडा तिनं घेतला. 1979 मध्ये पहिल्या पवनचक्क्या विकल्या गेल्या. क्षमता 30 किलोवॅट, पात्यांच्या फेऱ्याचा व्यास 10 मीटर.

त्या काळातल्या डेन्मार्कच्या इतर कंपन्यांचीही पार्श्वभूमी साधारण अशीच होती. बोनस ही सिंचनाची यंत्रं बनवणाऱ्यांकडून आलेली, नॉर्डटँक टाक्या बनवणाऱ्यांकडून. पत्रा, वेल्डिंग आणि शेतकरी गिऱ्हाईक या तिन्हींची त्यांना सवय होती. यंत्र बिघडलं की शेतकरी दारात येणार, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

याच्या अगदी उलट उदाहरण जर्मनीतल्या ग्रोव्हियानचं. 1983 च्या सुमारास एकदम 3 मेगावॅटची, 100 मीटर व्यासाची पवनचक्की उभी केली गेली. पैसा होता, मोठमोठे अभियंते होते. पण भागांना तडे जात राहिले, ती फारच थोडे तास चालली आणि काही वर्षांतच उतरवावी लागली. लहान यंत्र शेकड्यानं विकून, त्यातली प्रत्येक चूक निस्तरून मग पुढचं थोडं मोठं यंत्र करायचं, या वाटेनं गेलेल्या कंपन्या मात्र टिकल्या. आमच्या मते या धंद्यातला सगळ्यात मोठा धडा हाच आहे.

मोठं यंत्र म्हणजे नेमकं काय वाढतं

व्हेस्टासचंच 15 मेगावॅटचं यंत्र डेन्मार्कमधल्या ऑस्टरिल्डच्या चाचणी केंद्रावर डिसेंबर 2022 मध्ये पहिल्यांदा वीज देऊ लागलं. त्याचा व्यास 236 मीटर आहे आणि एकेक पातं 115.5 मीटर लांब. म्हणजे 1979 च्या यंत्राच्या तुलनेत क्षमता 500 पट झाली, आणि पाती जेवढ्या वाऱ्यातून फिरतात ते क्षेत्रफळ सुमारे 557 पट. हे दोन आकडे एकमेकांच्या इतके जवळ आहेत हा योगायोग नाही. व्यास दुप्पट केला की वारा पकडणारं क्षेत्र चौपट होतं, आणि वीज त्या क्षेत्रातूनच येते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्यातली ऊर्जा आठपट होते, म्हणून मनोरेही उंच होत गेले.

अडचण अशी की आहे तोच आराखडा नुसता दुप्पट मोठा केला तर वजन आठपट होतं. वीज चौपट आणि वजन आठपट, हा व्यवहार परवडत नाही. त्यामुळे खरी स्पर्धा पातं हलकं करण्यात आहे. साच्यात काचतंतूंचं कापड थरावर थर अंथरतात, वरून हवाबंद आवरण घालून हवा ओढून घेतात आणि त्या ओढीनंच राळ आत शिरते. असे दोन अर्धे भाग आतल्या कण्यासह एकमेकांना चिकटवले की पातं तयार होतं. लांब पात्यांत जागोजागी कार्बन तंतूही घालतात.

दुसरी गोष्ट गिऱ्हाइकाला सहसा कुणी सांगत नाही. पात्याच्या टोकाचा वेग फार वाढवता येत नाही. जमिनीवरच्या यंत्रांत तो सेकंदाला 80 मीटरच्या आसपास, म्हणजे ताशी जवळजवळ 290 किलोमीटर ठेवतात, कारण त्याहून जास्त वेगात आवाज आणि झीज दोन्ही वाढतात. म्हणजे यंत्र जितकं मोठं, तितकं ते सावकाश फिरतं. वीज जास्त आणि फेरे कमी, म्हणून पात्यांना जोडलेल्या मुख्य शाफ्टवर येणारा पीळ प्रचंड वाढतो आणि तो सोसायचा असतो गिअरबॉक्सनं, म्हणजे ते सावकाश फेरे जनित्रासाठी वाढवणाऱ्या दातेरी चाकांच्या पेटीनं. जर्मनीच्या एनर्कॉननं 1990 च्या दशकाच्या सुरुवातीलाच गिअरबॉक्स काढून टाकून थेट जोडलेलं, मोठ्या व्यासाचं जनित्र बसवायला घेतलं ते म्हणूनच. दोन्ही पद्धती आजही चालतात आणि दोन्हींना आपापलं दुखणं आहे.

पडल्यावर काय केलं

सुरुवातीच्याच वर्षांत व्हेस्टासच्या पवनचक्कीची पाती वादळात निकामी झाली होती. ती पाती बाहेरून आणलेली होती. कंपनीनं उत्पादन थांबवलं, दोष शोधला आणि फायबरग्लासची पाती स्वतःच बनवायला घेतली. नव्या कंपनीनं विक्री थांबवणं म्हणजे स्वतःच्या पोटावर पाय देणं, तरी तिनं ते केलं.

पुढे अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात करसवलतींमुळे पवनचक्क्यांची प्रचंड मागणी आली आणि व्हेस्टास झपाट्यानं वाढली. 1985 च्या अखेरीस ती सवलत संपली, मागणी आटली आणि 1986 मध्ये कंपनीला देणी थांबवावी लागली. बाकीचे व्यवसाय विकले गेले आणि त्याच वर्षाच्या शेवटी फक्त पवनचक्क्यांची नवी कंपनी उभी राहिली. एकाच देशाच्या एकाच सवलतीवर झालेली वाढ किती पोकळ असते, हे यात दिसतं. 1998 मध्ये ती कोपनहेगनच्या शेअर बाजारात आली आणि 2004 मध्ये एनईजी मिकॉन ही कंपनी तिच्यात विलीन झाली. एनईजी मिकॉन म्हणजे नॉर्डटँक आणि मिकॉन यांची 1997 ची जोड. म्हणजे नॉर्डटँकचं यंत्र घेतलेल्या माणसाला सुट्या भागांसाठी काही वर्षांतच तिसऱ्या नावाचं दार ठोठवावं लागलं.

2002 मध्ये डेन्मार्कच्या पश्चिम किनाऱ्याजवळ हॉर्न्स रेव्ह इथं भर समुद्रात व्हेस्टासच्या 80 पवनचक्क्या उभ्या राहिल्या. खाऱ्या हवेत ट्रान्सफॉर्मर आणि जनित्रांनी दगा दिला. शेवटी 2004 मध्ये सगळीच्या सगळी 80 नॅसेल (मनोऱ्याच्या टोकावरची, जनित्र आणि गिअरबॉक्स असलेली पेटी) उतरवून किनाऱ्यावर आणली आणि दुरुस्त करून पुन्हा चढवली. खर्च अफाट झाला असणार. पण कंपनीची पारख आम्ही अशाच प्रसंगावरून करतो.

तुमच्या करारात काय पाहायचं

बहुतेक करारांत "97 टक्के उपलब्धता" असं लिहिलेलं असतं, म्हणजे एवढा वेळ यंत्र चालायला तयार असेल. ऐकायला छान वाटतं. उरलेले 3 टक्के म्हणजे वर्षातले जवळजवळ 11 दिवस. ते निवांत महिन्यात गेले तर फारसं बिघडत नाही, ऐन वाऱ्याच्या दिवसांत गेले तर वर्षाचं गणित कोलमडतं. म्हणून उपलब्धता तासांवर मोजायची की वाऱ्याप्रमाणे मिळू शकणाऱ्या विजेवर, हे सहीच्या आधी विचारा. आमचा आग्रह विजेवर मोजण्याचा असतो. सुटे भाग किती वर्षं मिळतील, नियंत्रण प्रणालीचा पासवर्ड कुणाकडे राहील आणि कंपनी विकली गेली तर हमी कोण पाळेल, हेही लेखी घ्या.

आणि पात्यांकडे लक्ष असू द्या. पाऊस आणि धूळ त्या वेगानं आदळून पात्याची पुढची कड टोकाकडून खरवडली जाते. आमचा माणूस दोरावर लटकून पात्यावर टकटक करत जातो. चिकटलेल्या थराचा आवाज टणक येतो, आत थर सुटलेला असेल तर बद्द येतो. बद्द आवाज आलेल्या जागेभोवती तो खडूनं गोल काढतो, फोटो घेतो आणि पुढच्या वर्षी तो गोल वाढला का ते पाहतो. बोल्ट आवळून झाल्यावर त्यावर रंगाची एक रेघ ओढलेली असते. ती सरळ राहिली नसेल तर बोल्ट फिरला आहे असं समजायचं. ही रेघ टॉवरच्या आतल्या बोल्टवर तुम्हालाही दिसते, दार उघडल्यावर एकदा टॉर्च मारून बघत चला.

आमच्या पहिल्या भेटीआधी तीन कागद काढून ठेवा: गिअरबॉक्सच्या तेलाच्या तपासणीचे आजवरचे सगळे अहवाल, यंत्र सुरू करताना झालेल्या चाचण्यांची प्रत आणि गेल्या 12 महिन्यांतली बंद पडण्याची नोंद. तेलात धातूचे कण कधीपासून वाढू लागले हे त्या अहवालांवरून कळलं, तर गिअरबॉक्स उघडायचा की नाही हे आम्ही त्याच दिवशी सांगू शकतो.