पित्ताशय काढलं, मग खांदा का दुखतो?

दुर्बिणीतून पित्ताशय काढलेला रुग्ण दुसऱ्या दिवशी पोट सोडून उजवा खांदा चोळत बसला, की घरची माणसं गॅसची गोळी नाहीतर सोलकढी पुढे करतात. गॅस खरा आहे, पण तो आतड्यात नाही. शस्त्रक्रियेत पोट फुगवायला कार्बन डायऑक्साइड भरतात, दाब साधारण 12 ते 15 मिलिमीटर पारा. त्याने श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूचा पडदा, ताणलं जातं आणि उरलासुरला वायू त्याच्याखाली अडकतो. श्वासपटलाची नस मानेतल्या ज्या मज्जातंतूंपासून निघते, तेच खांद्याच्या कातडीलाही जातात. मेंदू पत्ता चुकतो. सोलकढी जेवणाबरोबर बरी. या दुखण्याचा तिच्याशी संबंध नाही.

दुखणी खरं तर तीन: दुर्बीण आणि हत्यारं घालायला पोटावर पाडलेल्या छिद्रांची, यकृतापासून पित्ताशय सोडवलेल्या जागेची आणि या वायूची. बुपिव्हॅकेनसारखं बधिर करणारं औषध पहिल्यावर उत्तम चालतं, दुसऱ्यावर बऱ्यापैकी, तिसऱ्यावर बेभरवशाचं. नसेच्या पेशीत सोडियम शिरण्याची दारंच ते बंद करतं, त्यामुळे वेदनेचा निरोप पुढे जात नाही.

छिद्रं बहुधा चार. पित्ताशय ज्यातून बाहेर ओढतात ते सगळ्यात जास्त दुखतं, म्हणून औषधाचा मोठा वाटा तिथे. सुई नुसती कातडीखाली फिरवून भागत नाही. स्नायूंवरच्या पांढऱ्या चिवट पडद्यापर्यंत आणि पोटाच्या आतल्या अस्तरापर्यंत औषध पोचावं लागतं. सूज आणि पू असलेल्या जागी ते कमी लागू पडतं, कारण तिथलं आम्ल औषधाला नसेच्या आत शिरू देत नाही.

मात्रा वजनावर ठरते: किलोमागे साधारण 2 मिलिग्रॅम. 60 किलोच्या माणसाला 120 मिलिग्रॅम, म्हणजे 0.25 टक्क्यांचं 48 मिलिलिटर, पण 0.5 टक्क्यांचं फक्त 24. घोटाळा होतो तो इथेच. छिद्रांत टोचलेलं आणि पोटात शिंपडलेलं, दोन्ही एकाच हिशेबात धरायचं. मात्रा वाढली किंवा औषध थेट शिरेत गेलं, तर ओठांभोवती मुंग्या, कानात गुणगुण, झटके, पुढे हृदयाची लयही बिघडते. म्हणून दर वेळी टोचण्याआधी दट्ट्या मागे ओढून रक्त येतं का ते पाहतात, आणि उतारा म्हणून 20 टक्के स्निग्ध द्रावण हाताशी ठेवतात.

असर 4 ते 8 तास. सकाळी 11 ला शस्त्रक्रिया झाली, तर संध्याकाळी सातच्या सुमाराला दुखणं डोकं वर काढतं. गोळी त्याआधी घ्यायची, कळ आल्यावर नव्हे. यकृत ठीक असलेल्या प्रौढाला सहसा पॅरासिटामॉल 1 ग्रॅम दर 6 तासांनी देतात. दिवसाला 4 ग्रॅमच्या वर नाही. सर्दीच्या गोळीतलं पॅरासिटामॉलही त्यातच मोजा, आणि त्या दिवसांत फेणी किंवा कुठलीही दारू नकोच.

खांदा दोन-तीन दिवसांत निवतो. वॉर्डात फेऱ्या मारल्या की बरं वाटतं. पण पोटाचं दुखणं कमी होण्याऐवजी वाढलं, ताप आला किंवा डोळे पिवळे दिसले, तर गोळी वाढवत बसू नये. पित्त आत गळतं आहे का, हे त्याच दिवशी तपासून घ्यावं लागतं; मग रात्री गोव्यातल्या वाळपईहून बांबोळीच्या मोठ्या सरकारी इस्पितळात निघावं लागलं तरी.