प्राणिसाहाय्यित उपचार : बालपणी अत्याचार सोसलेल्या किशोरांसाठी

बालपणी मारहाण, लैंगिक अत्याचार किंवा सततची हेळसांड सोसलेल्या मुलामुलींना सावरण्यासाठी समुपदेशनाच्या जोडीला कुत्रा, घोडा, गाय, शेळी, ससा अशा माणसाळलेल्या प्राण्यांचा सहवास हेतुपूर्वक योजण्याची पद्धत. प्रशिक्षित समुपदेशक, ठरलेले उद्दिष्ट आणि प्रगतीची नोंद असेल तरच त्याला उपचार म्हणतात. घरच्या मांजराचा लळा लागणे हेही मोलाचे असते, पण तो उपचार नव्हे. या नोंदीत १२ ते १८ या वयाचा आणि नाशिक परिसराचा विचार केला आहे.

‘बुजणे’ हे क्रियापद मराठीत बैलालाही लावतात आणि पोरालाही. बुजलेल्या बैलाच्या मागून कोणी आले की तो अंग काढतो, हात उचललेला दिसला की मान झटकतो. ज्या मुलाने घरातच मार खाल्ला आहे, त्याचेही शरीर असेच सतत पहाऱ्यावर असते. मायेने डोक्यावर हात ठेवला तरी ते दचकते. झोप उडते, अभ्यासात लक्ष लागत नाही, क्षुल्लक कारणाने राग उसळतो. पौगंडावस्थेत यात बदलत्या शरीराची लाज मिसळते आणि ‘मी बोललो तर घर मोडेल’ ही भीतीही. अत्याचार करणारा बहुतेकदा ओळखीचाच असतो, त्यामुळे माणसांवरचा विश्वासच मुळातून उखडला जातो. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात महाराष्ट्रासह १३ राज्यांतील १२,४४७ मुलांशी बोलणे झाले होते. त्यांतील ५३.२२ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सोसल्याचे सांगितले. बहुतेकांनी तोवर कोणापाशीही तोंड उघडले नव्हते. अशा मुलाला खुर्चीत समोरासमोर बसवून ‘काय झाले ते सांग’ म्हणणे किती जड जात असेल, हे यावरून समजावे.

या पद्धतीची मुळे बरीच जुनी आहेत. इंग्लंडमधील यॉर्क येथे विल्यम ट्यूक यांच्या पुढाकाराने १७९६ मध्ये सुरू झालेल्या मनोरुग्णालयाच्या अंगणात ससे व कोंबड्या ठेवत. अमेरिकेतील बाल-मानसशास्त्रज्ञ बोरिस लेव्हिन्सन यांचा जिंगल्स नावाचा कुत्रा एकदा योगायोगाने उपचाराच्या खोलीत होता आणि कोणाशीही न बोलणारा मुलगा त्याच्याशी खेळू लागला. १९६२ मध्ये लेव्हिन्सन यांनी कुत्र्याला ‘सहउपचारक’ म्हणत यावर निबंध लिहिला. सहकाऱ्यांनी त्यांची थट्टा केली, तरी ते या विषयावर लिहीत राहिले. अलीकडच्या अभ्यासांपैकी २०१२ मधला एक अमेरिकन अभ्यास थेट आपल्या विषयाचा आहे. लैंगिक अत्याचार सोसलेल्या ७ ते १७ वर्षांच्या १५३ मुलांचे गट-उपचार त्यात तीन प्रकारे झाले : कुत्र्याविना, कुत्र्यासह, आणि कुत्रा व त्याच्याविषयीच्या गोष्टी यांसह. कुत्रा असलेल्या गटांत चिंता, नैराश्य, राग ही लक्षणे अधिक उतरली आणि गोष्टींची जोड असलेल्या गटात सर्वाधिक. इतर पुष्कळ अभ्यास मात्र लहान गटांवरचे आहेत, म्हणून मोठे दावे करताना हात आखडता घ्यावा.

प्राण्याने नेमके काय साधते, याची उत्तरे अनेक दिली जातात. कुत्र्याला कुरवाळताना ताण उतरतो, श्वास संथ होतो, हे खरेच आहे. पण अत्याचारग्रस्त किशोरांच्या बाबतीत सर्वांत महत्त्वाची गोष्ट स्पर्शाची आहे. या मुलांना कोणी न विचारता हात लावलेला असतो. गोठ्यात किंवा अंगणात जवळ जायचे की नाही, किती वेळ थांबायचे, हे मूल स्वतः ठरवते, आणि समोरच्या जिवालाही नकाराचा हक्क असतो. शेळी पाठ फिरवून निघून जाते. तिचा नकार मानला जातो, तिला कोणी ओढत नाही. ‘नाही’ म्हटले की खरोखर थांबतात, हे मूल कदाचित प्रथमच डोळ्यांनी पाहत असते. कितीही उत्तम भाषण ही खात्री देऊ शकत नाही.

दुसरी गोष्ट आडून बोलण्याची. नमुन्यादाखल अशी कल्पना करावी : पंधरा वर्षांची एक मुलगी महिनाभर समुपदेशकाशी एक अक्षर बोललेली नाही. गोठ्यात नवी आणलेली कालवड आहे आणि तिला खरारा करण्याचे काम मुलीकडे आहे. एके दिवशी समुपदेशक बाई मागच्या बाजूने पुढे होतात, तशी मुलगी म्हणते, “ताई, तिला मागून हात लावू नका. ती बुजते.” बाई थांबतात आणि विचारतात, “मग कसं जाऊ गं?” मुलगी सांगू लागते : समोरून या, आधी आवाज द्या, तिला हुंगू द्या. ती कालवडीबद्दल बोलते आहे आणि स्वतःबद्दलही. समजदार समुपदेशक तिथे ‘तुलाही तसंच वाटतं का?’ असे लगेच विचारत नाही. तो प्रश्न आठवडाभर थांबू शकतो.

नाशिक परिसरात प्रशिक्षित कुत्रा हाच एक मार्ग मानण्याचे कारण नाही. मुंबई-पुण्यात ॲनिमल एंजल्स फाउंडेशनने तशा कुत्र्यांसह काम उभे केले आहे आणि ते अनुकरणीय आहे. पण इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा या तालुक्यांतून येणाऱ्या कित्येक मुलांना वैरण, दावे, गव्हाण हे शब्द घरचे असतात. घाटमाथ्याच्या धो धो पावसात टिकणारी काळी-पांढरी डांगी जनावरे आणि संगमनेरी शेळ्या इथल्याच. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी होते : वर्षभर जू वाहिलेल्या बैलाच्या खांद्यांना हळद-तूप चोळतात आणि ‘आज आवतण घ्या, उद्या जेवायला या’ असे त्याला आमंत्रण देतात. दुखऱ्या जागी कसा हात लावावा, हे शिकवणारा याहून चांगला धडा या मुलांसाठी मला सुचत नाही. शहरातील मुलांसाठी पंचवटीच्या शतकाहून जुन्या पांजरपोळासारख्या ठिकाणची सांभाळलेली जनावरे किंवा लसीकरण झालेली गल्लीतली ओळखीची कुत्री हा पर्याय असू शकतो. अर्थात तिथेही शेजारी प्रशिक्षित माणूस हवा.

धोके स्पष्ट सांगायला हवेत. घरात मुलाला मारणारा माणूस पुष्कळदा जनावरालाही मारतो. ‘बोललास तर कुत्र्याला संपवीन’ या धमकीने मुलांची तोंडे बंद ठेवली जातात. अशा मुलाला प्राणी पाहूनच अपराधी वाटू शकते. काही मुले सोसलेला मार पुढे प्राण्यावर काढतात. तसे दिसले तर मुलाला दुष्ट ठरवू नये, पण त्याला एकट्याने प्राण्यापाशी सोडू नये आणि मानसोपचारतज्ज्ञाला ताबडतोब सांगावे. चावल्यास किंवा ओरखडल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुऊन त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करावी. प्राण्याच्याही थकव्याकडे लक्ष हवे. जांभया देणारा, अंग चोरणारा कुत्रा सुट्टी मागत असतो.

मूल अजून अत्याचार करणाऱ्याच्याच घरात राहत असेल, तर कोणताही उपचार टिकत नाही. सुरक्षितता आधी. २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार १८ वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळणाऱ्या प्रत्येकाने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, आणि पोलिसांनी २४ तासांत बाल कल्याण समितीला. सांभाळ करणाऱ्याने केलेल्या मारहाणीला व क्रौर्याला २०१५ च्या बाल न्याय कायद्याचे कलम ७५ लागू होते. मदतीसाठी १०९८ हा क्रमांक, मानसिक आधारासाठी टेलिमानस १४४१६. पोक्सोचे कलम २३ मुलाची ओळख उघड होऊ नये म्हणून नाव, छायाचित्र, शाळा, शेजार यांच्या प्रसिद्धीला मनाई करते. कुत्र्याला मिठी मारलेल्या मुलाचा फोटो देणगीच्या आवाहनासाठी वापरण्याचा मोह कोणत्याही संस्थेने टाळलाच पाहिजे.

निरोपाचा प्रश्न सर्वांत अवघड आहे आणि त्याचीच तयारी सर्वांत कमी होते. कुत्रा म्हातारा होतो. मूल १८ वर्षांचे होऊन बालगृह सोडते. गावात तर करडू मोठे झाले की आठवडे बाजारात जाते. घरच्यांच्या दृष्टीने तो व्यवहार असतो, पण ज्याच्या आयुष्यात जवळचे सारे अचानक तुटले, त्याच्यासाठी तो पुन्हा तसाच घाव ठरतो. म्हणून पहिल्याच दिवशी सांगावे की ही शेळी विकली जाणार आहे की राहणार आहे. जाणार असेल तर मुलाला दिवस आधी कळावा, शेवटची वैरण त्याच्या हातून घातली जावी, आणि ती कोणाकडे गेली हे त्याने विचारले तर खरे उत्तर मिळावे.