तालमीतला पठ्ठा आणि येशूचा शिष्य

कोल्हापुरात पठ्ठा म्हणजे काय हे कुणाला सांगावं लागत नाही. पोरगा तालमीत राहायला येतो, पहाटे उठून हौद्यातली तांबडी माती खणतो. ताक, हळद, तेल घालून मऊ केलेल्या त्या मातीत महिनोन्‌महिने लोळतो, तेव्हा कुठे वस्ताद त्याला एखादा डाव शिकवतो. सवडीचा पैलवान हा प्रकार इथे चालत नाही. चर्चच्या उपासनेत पाळक, म्हणजे आमचे धर्मगुरू, ‘पूर्ण अंतःकरणाने शिष्य व्हा’ म्हणतात, तेव्हा मला हा हौदाच आठवतो.

बायबलच्या नव्या करारातल्या ‘शिष्य’ या शब्दामागे ग्रीक ‘माथेतेस’ आहे, म्हणजे शिकणारा. मात्र हे शिकणं गुरूबरोबर राहून, त्याच्या मागे चालून व्हायचं. सहसा शिष्यच आपला रब्बी, म्हणजे यहुदी गुरू, शोधत असे. येशूने उलट केलं. गालील समुद्राच्या काठी कोळ्यांना त्यानेच हाक मारली, आणि ते जाळी टाकून निघाले. पुढे मागे येणाऱ्यांची गर्दी झाली तेव्हा त्याने अटी सैल केल्या नाहीत, उलट आवळल्या. बुरूज बांधण्याआधी खर्चाचा हिशेब करा, म्हणाला. नांगराला हात घालून मागे बघणारा देवाच्या राज्याच्या कामाचा नाही, असंही म्हणाला. करवीर-कागलकडच्या शेतकऱ्याला या दाखल्याचा अर्थ फोडून सांगायची गरज नाही. मागे पाहिलं की तास वाकडं जातं. आपला वधस्तंभ (क्रूस) उचलून मागे येण्याची अट मत्तय आणि मार्काच्या शुभवर्तमानांतही आहे, पण त्याच वचनात ‘दररोज’ हा शब्द घालतो तो एकटा लूक. मला त्या एका शब्दाची जास्त धास्ती वाटते. एकदाच जीव देणं त्यापेक्षा सोपं असावं.

नव्या करारातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात ‘ख्रिस्ती’ हे नाव नंतर येतं, अंत्युखिया शहरात. तोवर ही माणसं नुसती शिष्यच होती. इ.स. ३१३ नंतर रोमी साम्राज्यात छळ थांबला, ३८० मध्ये ख्रिस्ती धर्म राजधर्म झाला, आणि ख्रिस्ती असण्याची किंमत एकदम उतरली. ज्यांना हे पचलं नाही ते मिसरच्या वाळवंटातल्या मठांकडे वळले. तिथून एक दुफळी पडली ती आजवर पुरती मिटलेली नाही: सगळं सोडणारे थोडे, बाकीचे नुसते सभासद.

कोल्हापुरात येशूचं हे शिष्यपण १८५२ मध्ये आलं, अमेरिकन मिशनरी रॉयल वायल्डर यांच्याबरोबर. वायल्डर मेमोरियल चर्चला नाव आहे ते त्यांचंच. तेव्हा बाप्तिस्मा घेणाऱ्याला हिशेब कुणी शिकवावा लागत नव्हता. घर, भावकी, पाणवठा सगळंच पणाला. धर्मांतर केलं म्हणून वारसाहक्क जाऊ नये असा कायदा १८५० मध्ये झाला होता खरा, पण तो कंपनीच्या मुलखासाठी. कोल्हापूर संस्थान होतं.

वायल्डरांचा मुलगा रॉबर्ट १८६३ मध्ये इथेच जन्मला. १८८६ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत माउंट हर्मन इथे विद्यार्थ्यांचं शिबिर भरलं. देवाची इच्छा असेल तर परदेशी मिशनरी व्हायला तयार आहोत, अशा प्रतिज्ञेवर शिबिर संपेपर्यंत १०० जणांनी सह्या केल्या. त्यामागे मोठा हात होता तो या कोल्हापूरच्या पोराचा. विद्यार्थी स्वयंसेवक चळवळ उभी राहिली ती त्यातूनच. माझ्या मते तिची एक मेख होती. ‘सर्वस्व देणं’ म्हणजे जहाजात बसून परमुलखी जाणं, असं समीकरण तयार झालं. मग मिशनच्या पगारावरच्या देशी सेवकाने काय सोडायचं?

या प्रश्नाला मराठीतून उत्तर दिलं ते नारायण वामन टिळकांनी. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले हे कवी तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं सांगत. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला, संन्यास घेतला आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात ख्रिस्ताच्या बाप्तिस्मा घेतलेल्या शिष्यांना जागा होती, न घेतलेल्यांनाही. सभासद आणि शिष्य हा फरक इतक्या उघडपणे मराठी ख्रिस्ती मंडळीत आधी कुणी मांडला असेल असं वाटत नाही. पुष्कळांना तो रुचला नाही. १९१९ च्या मे महिन्यात टिळक गेले आणि दरबार मागे फार टिकला नाही. त्यांची भजनं मात्र ‘उपासना-संगीत’ या गीतसंग्रहात आहेत, आणि रविवारी पेटी-तबल्यावर ती म्हणताना त्यातल्या ‘दास’ या शब्दाला सगळेच सूर लावतात, नुसते सभासदसुद्धा.